प्लास्टर चढण्यापूर्वी : घर-दुकानाच्या वायरिंगची तपासणी

कापडाच्या धंद्यात ताका उलगडल्याशिवाय कोणी माल उचलत नाही. पन्हा मोजला जातो, पोत बोटांनी चाचपला जातो, कोठे धागा तुटलेला दिसला तर तेथे खूण करून दरात सूट घेतली जाते. हाच व्यापारी जेव्हा आयुष्याची कमाई घालून घर बांधतो किंवा दुकान नव्याने करतो, तेव्हा भिंतीच्या आत जाणारी वायरिंग मात्र न पाहताच बुजवू देतो. फरशीचा रंग निवडण्यास सारे घर चार दुकाने फिरते. पण प्लास्टर होण्याच्या आदल्या दिवशी साइटवर जाऊन पाइप व बॉक्स पाहणारा मालक क्वचितच आढळतो.

हे मी दुसऱ्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझ्या स्वतःच्या घराच्या स्वयंपाकघरात तीन वर्षांनंतर फ्रिजच्या मागच्या भिंतीतून जळका वास येऊ लागला. टाइल फोडावी लागली, पाइप कापावा लागला, आणि आत निघाला दोन तारांना पीळ देऊन टेप गुंडाळलेला एक जोड. वायर दोन हात कमी पडली होती, नवे बंडल उघडायला नको म्हणून तुकडा जोडून पाइपमध्ये ओढला गेला होता. तो जोड सैल झाला, तापला आणि आजूबाजूच्या तारांचे आवरण वितळवून बसला. ज्या दिवशी ती वायर ओढली त्या दिवशी मी दुकानात गिऱ्हाईक करीत होतो. वायरमनचा दोष होताच, पण अर्धा दोष माझ्या न जाण्याचाही होता.

परदेशात या टप्प्याला किती महत्त्व आहे ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घराचे वायरिंग दोनदा तपासले जाते. पहिली तपासणी भिंत उघडी असताना होते, तिला तेथे ‘रफ-इन’ म्हणतात. तेथील घरे बहुधा लाकडी चौकटीची असतात. त्या चौकटीत बॉक्स ठोकले, केबल ओढल्या, अर्थच्या तारा एकमेकींना जोडल्या, पण अद्याप स्विच-सॉकेट बसवलेले नाहीत, अशा अवस्थेत स्थानिक प्रशासनाचा निरीक्षक येतो. त्याने मंजुरी दिल्याशिवाय भिंतीवर फळी चढवता येत नाही, आणि कोणी चढवलीच तर ती काढायला लावण्याचा त्याला अधिकार असतो. तो पाहतो त्या गोष्टी अगदी साध्या आहेत. केबलसाठी पाडलेले भोक लाकडाच्या कडेपासून सव्वा इंचापेक्षा जवळ असेल तर तेथे पोलादी पट्टी ठोकली आहे काय, म्हणजे उद्या कोणी खिळा मारला तर तो केबलमध्ये घुसू नये. प्रत्येक बॉक्समध्ये किमान सहा इंच मोकळी तार ठेवली आहे काय. बॉक्सच्या मापाच्या मानाने त्यात तारांची गर्दी तर झालेली नाही ना. हे नियम त्यांच्या ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’मध्ये आहेत. तो प्रथम १८९७ साली निघाला आणि आता दर तीन वर्षांनी सुधारला जातो.

आपल्याकडेही नियम नाहीत असे नव्हे. वायरिंगसाठी भारतीय मानक आय.एस. ७३२ आहे, राष्ट्रीय विद्युत संहिता आहे, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम आहेत, जे २०१० नंतर २०२३ साली नव्याने काढले गेले. काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच व्हावे आणि नवीन जोडणीच्या वेळी त्याच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट वीज कंपनीला द्यावा अशी पद्धत आहे. परंतु हा रिपोर्ट काम संपल्यावर दिला जातो. त्या वेळी भिंती रंगलेल्या असतात. साध्या घराच्या किंवा गाळ्याच्या उघड्या भिंतीपुढे उभा राहून पाहणारा सरकारी माणूस आपल्याकडे येत नाही. तेव्हा ते काम मालकाने आणि वायरमनने मिळून करावयाचे आहे. मालकाने तारेला हात लावू नये. त्याने पाहावे, मोजावे आणि विचारावे.

येथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेच्या लाकडी घरात केबलच भिंतीत जाते. आपल्या विटांच्या भिंतीत प्रथम पाइप जातो आणि वायर नंतर ओढली जाते, निदान ओढली जावी. प्लास्टरपूर्वीच वायर भरून टाकण्याची घाई पुष्कळ ठिकाणी होते. मग सिमेंटचे पाणी पाइपात उतरते, गवंड्याची थापी तारेच्या टोकाला लागते. म्हणून आपली तपासणी दोन वेळा करावी लागते : पाइप-बॉक्स बसल्यावर प्लास्टरपूर्वी एकदा, आणि वायर ओढल्यावर स्विचच्या प्लेटा लावण्यापूर्वी दुसऱ्यांदा.

खरी सुरुवात मात्र त्याआधी खडूपासून होते. वायरमनने छिन्नी उचलण्यापूर्वी घरातील स्त्रियांना साइटवर न्यावे, हे मी आग्रहाने सांगेन. मिक्सर कोठे, इस्त्री कोठे, शिलाई मशीन कोणत्या खिडकीशी, हे त्यांनाच ठाऊक असते. पलंग कोठे येणार, दरवाजा कोणत्या बाजूस उघडणार हे पाहून भिंतीवर खडूने खुणा कराव्यात. दरवाजाच्या पाठीमागे गेलेला स्विचबोर्ड ही चूक मोठी नाही, पण ती रोज संध्याकाळी त्रास देते. खुणा झाल्यावर प्रत्येक खोलीचे पॉइंट कागदावर मोजावेत व त्या कागदावर दोघांनी सही करावी. मजुरी सहसा पॉइंटच्या हिशेबाने ठरते आणि शेवटी भांडण पॉइंटच्या संख्येवरूनच होते.

त्याच कागदावर भार मांडावा. दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर घेतो, तीन किलोवॅटचा तेरा. दिवे, पंखे व लहान सॉकेट यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा अधिक पॉइंट नसावेत आणि भार ८०० वॅटपर्यंत ठेवावा, पॉवरच्या सर्किटवर दोनच सॉकेट असावेत, असा आपल्याकडील जुना व उपयुक्त दंडक आहे. आपल्या वस्त्यांत घर आणि कारखाना एकाच छपराखाली चालतो. पुढच्या खोलीत चार शिलाई मशिनी, प्रत्येकीला अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, शिवाय एक हजार वॅटची इस्त्री. याचाच भार अडीच किलोवॅटच्या वर जातो. आणि ती खोली कागदावर ‘हॉल’ असल्यामुळे तिला दिव्या-पंख्याचे सर्किट दिलेले असते! ज्या घरात कारागिरी चालणार आहे तेथे ते प्लास्टरपूर्वी मोकळेपणाने सांगावे आणि मशिनींसाठी व इस्त्रीसाठी डी.बी.पासून वेगळे पाइप घ्यावेत. नंतर हे करायचे म्हटले की भिंतीवरून पट्टी मारावी लागते किंवा एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर लोळत राहतो. कापडाचे कात्रण आणि लोळता बोर्ड यांची सोबत किती महाग पडते हे आपल्या धंद्यातील लोकांना सांगण्याची गरज नाही.

स्लॅबचे पाइप हा वेगळा विषय आहे, कारण तेथे चूक दुरुस्त करण्याची संधी जवळजवळ नसते. सेंट्रिंगवर लोखंड बांधल्यावर पाइप व पंख्याचे बॉक्स बसतात. बॉक्सचे तोंड बंद केलेले असावे, सांधे सोल्युशन लावून जोडलेले असावेत, पाइप तारेने लोखंडास बांधलेले असावेत. काँक्रीट पडत असताना वायरमन किंवा त्याचा माणूस तेथे हजर असावा. घमेले टाकणाऱ्याच्या पायाखाली पाइप दबला तर तो त्याच क्षणी सोडवता येतो, दुसऱ्या दिवशी नाही. सेंट्रिंग उघडल्यावर प्रत्येक पाइपातून स्प्रिंग घालून पाहावी.

आता भिंत. वीटकाम पुरते वाळल्यावर झिरी मारावी, आणि शक्यतो कटरने दोन रेघा पाडून मगच छिन्नी लावावी. झिरी उभी असावी. भारतीय मानकाप्रमाणे उभ्या झिरीची खोली भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडव्या झिरीची एक षष्ठांशापेक्षा अधिक नसावी. आपल्या चार-साडेचार इंची भिंतीला हा हिशेब लावून पाहा. आडव्या झिरीला पाऊण इंचच मिळते, म्हणजे २० मिलिमीटरचा पाइपसुद्धा त्यात पुरता बसत नाही. तरीही आडव्या झिऱ्या सर्रास मारल्या जातात, कारण पाइप वाचतो. पाइप स्लॅबमधून किंवा फरशीखालून आणून भिंतीत उभा उतरवावा. तिरकी झिरी तर कधीच मंजूर करू नये. उभ्या पाइपाचा एक फायदा असा की पुढे पडदा किंवा कपाट लावताना बोर्डाच्या सरळ वर-खाली खिळा मारायचा नाही एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरते. कॉलम आणि बीम यांना छिन्नी लागलेली दिसली तर काम तेथेच थांबवून इंजिनिअरला बोलवावे.

पाइप आय.एस.आय. चिन्हाचा असावा, आणि सर्वांत हलक्या जातीचा नसावा. अंगठ्याने दाबल्यावर चेपणारा पाइप परत पाठवावा. पाइप झिरीत इतका आत असावा की त्यावर अर्धा इंच तरी मसाला बसेल. त्यावर जाळी ठोकून मगच प्लास्टर करावे, अन्यथा वर्षभरात पाइपाच्या रेषेवर भेग उमटते आणि मालक गवंड्याला बोल लावतो. एका ओळीत काटकोनी वळणे कमी असावीत. दोन वळणांनंतर वायर ओढणे जड जाते, ओढताना आवरण खरचटते आणि ते खरचटलेले कोणाला दिसत नाही. २० मिलिमीटरच्या पाइपात १.५ चौरस मिलिमीटरच्या चार-पाच तारा पुरे. नऊ तारा कोंबून दाखवणारा वायरमन हुशार नव्हे.

बॉक्सच्या बाबतीत एक साधी पट्टी पुरते. गवंड्याने प्लास्टरची पातळी ठरवली असेल तर तिच्याशी बॉक्सची कडा जुळते काय ते पाहावे. बॉक्स फार आत गेला तर प्लेटचे स्क्रू पोचत नाहीत, मग लांब स्क्रू लावले जातात आणि बोर्ड हलत राहतो. बॉक्स पाणसळीत असावा. लोखंडी बॉक्सला अर्थची तार जोडण्याची जागा असावी. बॉक्समध्ये कागद किंवा थर्माकोल भरून तोंड बंद केलेले असावे.

येथे पहिली तपासणी संपते. भिंत बुजण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्यावा. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. फोटोत मोजपट्टी उघडी धरावी : कोपऱ्यापासून पाइप किती इंचावर आहे ते दिसले पाहिजे. नळाचे पाइप त्याच भिंतीत असतील तर तेही फोटोत यावेत. ज्या कारागिराने हे फोटो मालकाला स्वतःहून दिले, त्याला पुढचे काम मागावे लागत नाही.

प्लास्टर सुकल्यावर वायर येते. येथे व्यापाऱ्याचे डोळे उपयोगी पडतात. एका बंडलात ९० मीटर तार असते आणि आवरणावर माप व आय.एस.आय. चिन्ह छापलेले असते. शंका आली तर एक मीटर तार सोलून आतले तांबे सोनाराच्या काट्यावर टाकावे. १.५ चौरस मिलिमीटरचे पुरे तांबे सव्वातेरा-साडेतेरा ग्रॅम भरते, २.५ चे सुमारे बावीस. मानक वजनावर नव्हे तर विजेच्या रोधावर ठरते, म्हणून चांगल्या मालातही वजन थोडे कमी भरू शकते. पण दीडच्या तारेत अकराच्या खाली आणि अडीचच्या तारेत एकोणिसाच्या खाली काटा गेला तर ते बंडल परत करावे. सूत मोजून घेणाऱ्या माणसाला हे जड जाऊ नये.

दिव्या-पंख्यासाठी १.५, मोठ्या सॉकेटसाठी २.५, गिझर व एअर कंडिशनरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. प्रत्येक सर्किटचा एम.सी.बी. तारेच्या मापाने निवडावा. पुष्कळांचा समज असा की एम.सी.बी. यंत्राला वाचवतो. तो मुख्यतः तारेला वाचवतो. दीडच्या तारेवर १० अँपिअरचा वारंवार पडतो म्हणून ३२ चा बसवला, तर पडण्याचे बंद होते खरे, पण आता भार वाढला की प्रथम तार जळते, एम.सी.बी. नंतर पडतो. ‘ट्रिप होण्याची कटकट’ अशी मिटवणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

तारांचे रंग पाळले पाहिजेत. फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. बंडल संपले म्हणून लाल तारेचे न्यूट्रल केले तर दहा वर्षांनी बोर्ड उघडणाऱ्या पोराच्या जिवावर बेतते. प्रत्येक सर्किटचे न्यूट्रल स्वतंत्र असावे. एका खोलीचे न्यूट्रल दुसरीला उसने दिले की गळती-रक्षक आर.सी.सी.बी. विनाकारण पडत राहतो, आणि इन्व्हर्टर लावताना तर गोंधळच होतो. ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. प्रत्येक घरात असावा असे माझे स्पष्ट मत आहे. साधा एम.सी.बी. शॉक लागलेल्या माणसाला वाचवीत नाही. जोड फक्त बॉक्समध्ये असावा, पाइपात कधीच नसावा. हे पाहण्याचा उपाय सोपा आहे : वायर ओढली जाताना तेथे उभे राहावे.

अर्थिंगवर पैसा वाचवणारे पुष्कळ आहेत, कारण अर्थ नसली तरी दिवा लागतो. प्रत्येक सॉकेटच्या मोठ्या पिनेला हिरवी तार पोचली पाहिजे आणि ती सलग जाऊन जमिनीतील पाइपाला मिळाली पाहिजे. हा पाइप गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा, अडीच मीटर लांबीचा असतो. तो पुरला जाताना पाहावा. हातभर तुकडा पुरून वर सिमेंटचे झाकण सुबक बांधलेले मी पाहिले आहे.

शेवटी मेगर. मीटरकडील वीज बंद, बल्ब व उपकरणे काढलेली, इन्व्हर्टर आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सोडवलेले, सर्व स्विच चालू. या स्थितीत ५०० व्होल्टचा मेगर लावून तारा व अर्थ यांच्यामधील, आणि फेज व न्यूट्रल यांच्यामधील रोध मोजावा. एक मेगओहमपेक्षा कमी आला तर सर्किट घेऊ नये. नव्या कोरड्या कामात तो त्याहून कितीतरी पट येतो; म्हणून आकडा जेमतेम एकच्या वर असेल तरी कारण शोधावे. ओलसर प्लास्टर, खरचटलेली तार, बॉक्सच्या कडेत दबलेले आवरण, यांपैकी काहीतरी निघते.

आता थोडे आपल्या वायरमन बंधूंसाठी. आय.टी.आय. करून या धंद्यात उतरलेली आपली मुले कमी नाहीत. त्यांची तक्रार अशी की मालक दर पाडतो, मग काम घाईत करावे लागते. तक्रारीत तथ्य आहे. त्यावर उपाय म्हणून कोटेशन तीन भागांत द्यावे. पाइप-बॉक्सची रक्कम प्लास्टरपूर्व तपासणीनंतर, वायरची मेगर दाखवल्यावर, आणि फिटिंगची शेवटी. तपासणीची फी त्यात वेगळी लिहावी, लपवू नये. मेगर एकट्याला परवडत नसेल तर तिघा-चौघांनी मिळून घ्यावा. प्रत्येक सर्किटचा मेगरचा आकडा, तारेचे माप, एम.सी.बी. आणि तारीख एका कागदावर लिहून मालकाची सही घ्यावी. पुढे मालकाने पलंगासाठी भिंतीत खिळा मारून तार फोडली आणि दोष कारागिरावर टाकला, तर हाच कागद बोलतो. परवाना नसेल तर तो काढण्याच्या मागे लागावे. दुसऱ्याच्या सहीवर किती दिवस काम करणार?

मालकांनीही पैसे ठरल्या टप्प्यावर लगेच द्यावेत. तपासणी झाली, काम पसंत पडले आणि मग ‘जुम्म्यानंतर बघू’ म्हटले की पुढची वायर पुन्हा घाईतच ओढली जाते.

त्या कागदाची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून डी.बी.च्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावी, आणि भिंतींचे फोटो घरातील दोन वेगळ्या मोबाइलमध्ये ठेवावेत. माझ्या स्वयंपाकघरातील टाइल नव्या भिंतीच्या नव्हत्या त्या रंगाच्या मिळाल्या; तो तुकडा अजून वेगळा दिसतो.